तुम्ही विचारलंत म्हणून: चिपळुणात सायकल चालवता तरी कुठे?

पुण्या-मुंबईची माणसं घरी आली आणि पडवीत उभी केलेली सायकल दिसली की प्रश्न ठरलेला. "चिपळुणात सायकल? एकीकडे परशुराम घाट, दुसरीकडे कुंभार्ली, मधून हायवे. चालवता तरी कुठे?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. नकाशात बघाल तर गाव चढांच्या बेचक्यात बसलेलं दिसतं. आणि महामार्ग 66 वर कंटेनरच्या वाऱ्याने हेलपाटत जाण्याची हौस मलाही नाही. म्हणून एकदाच नीट सांगते.

चिपळूण इथे का वसलं, हे कळलं की सायकल कुठे चालवायची तेही कळतं. दाभोळच्या मुखातून आत शिरलेली भरती वाशिष्ठी नदीतून वर सरकत गोवळकोटपर्यंत येते. पूर्वी गलबतंही तिच्याबरोबर इथवर यायची. धक्क्यावर माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि कुंभार्लीने देशावर जायचा. महाड, राजापूर ही गावंही अशीच, खाडी जिथवर आत येते तिथे बाजारपेठ धरून बसलेली. ओझं वाहणाऱ्या बैलाला उगाच चढ नको असतो, सायकलवाल्यालाही नको असतो. म्हणून मी रस्ता शोधताना मोबाइलमधली निळी रेघ कमी बघते आणि पाणी कुठून गेलंय ते जास्त बघते. पाण्याने सपाटी आधीच शोधून ठेवलेली असते.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी गोवळकोटला नेते. बाजारातून निघालं की घाम फुटायच्या आत धक्का येतो. करंजेश्वरीचं देऊळ, वर गोविंदगड, खाली वाशिष्ठीचं वळण. गडावर सायकल न्यायची नसते, ती खाली ठेवायची आणि चालत वर जायचं. तटावरून दिसतं ते मात्र नीट बघून घ्यावं: खाडीचे फाटे, मधली बेटं, काठाने कांदळवनाची गडद पट्टी आणि तिच्यामागे खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी सखल जमीन. पुढचा सगळा बेत तिथे उभं राहूनच ठरवता येतो.

मग खाडीपट्टा. मालदोली, करंबवणे, धामणदेवी अशी गावं. रस्ते अरुंद, वाहनं तुरळक. डोंगराचं एखादं नाक ओलांडताना चढ लागतो, तो संपला की पुन्हा पाणी शेजारी. काठावर तिवर आणि चिप्पी, वरच्या अंगाला आंबा-काजू. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतात. हो, वाशिष्ठीत मगरी आहेत, भरपूर आहेत आणि त्या दाखवायला होड्याही जातात. तेव्हा पाय धुवायला म्हणून काठावर उतरू नका. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण हसतो. पहिली मगर दिसेपर्यंत.

आता वेळ. सकाळी किती वाजता निघायचं, असं लोक विचारतात. मी उलट विचारते, तिथी कोणती? आमच्याकडचा जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी नि संध्याकाळी सहाच्या सुमारास. ही वेळ समुद्राकाठची, खाडीत आत यायला पाण्याला आणखी अवधी लागतो. त्यामुळे अष्टमी-नवमीला सकाळी निघालात तर खाडी भरलेली मिळते. भरती भांगाची, म्हणजे कमी जोराची, म्हणून पाणी काठोकाठ चढत नाही, पण संथ असतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी, म्हणजे उजाडताना ओहोटी आणि तीही उधाणाची, खोल गेलेली. सगळा चिखल उघडा आणि त्यावर बगळे, तुतारी, कुदळे चरत असतात. पक्षी बघायचे तर हे दिवस. मात्र परत फिरायला दुपार करू नका. खाजणातून जाणाऱ्या पायवाटा उधाणाला पाण्याखाली जातात, आणि जाताना कोरडी असलेली वाट येताना सापडत नाही.

खाडीचा कंटाळा आला (मला येत नाही) तर उलट्या दिशेला, नदीच्या वरच्या अंगाला जावं. कराड रस्त्याने खेर्डी, पिंपळी, पुढे शिरगाव, पोफळी. हा रस्ता मोठा, ट्रकांचा, म्हणून पहाटेच उरकायचा आणि जमेल तिथे आतल्या वाड्यांतून काढायचा. इथली खरी मजा मे महिन्यात. कोकणातल्या बाकीच्या नद्या तेव्हा डोहांपुरत्या उरतात, वाशिष्ठी मात्र वाहत असते. कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचं. ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणून पोफळीला वीज करतात, मग कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्याला पुन्हा वीज करतात आणि शेवटी वाशिष्ठीत सोडतात. ऐन उन्हाळ्यात खेर्डीच्या पुलावर उभं राहून खाली बघाल तर दिसणारं बहुतेक पाणी घाटमाथ्यावरचं असतं. वीज जास्त लागली की जास्त पाणी सुटतं. मुंबईकर पाहुण्यांना मी सांगते, तुमचा एसी चालला की आमच्या नदीला पाणी येतं. त्यांना ते फारसं आवडत नाही.

नदीचं कौतुक करताना 22 जुलै 2021 विसरता येत नाही. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आलं होतं. मुसळधार पावसात वरून लोंढा येत असताना खाडीत भरती असली की पाण्याला निघायला वाट नसते. त्यानंतर नदीतला गाळ काढायला लागले. तेव्हा काठाने गाळाचे ढीग पडले आणि गावात राहूनही नदी कधी न बघितलेली माणसं ती बघायला येऊ लागली. मला हे बरं वाटलं, एवढंच.

राहिलं जंगल. कोकणातलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं आहे, त्यामुळे 'फॉरेस्ट ट्रेल' अशी पाटी शोधाल तर सापडायची नाही. ऐन, किंजळ, आंजणीच्या झाडीतून जाणारी पाणंद कुणाच्या तरी वाडीत निघते. तिथे आत शिरण्याआधी हाक मारावी. "काय वैनी, गाडी बंद पडली काय?" असं विचारतील, मग पाणी देतील, मग पुढची वाट सांगतील, आणि ती नकाशातल्या वाटेपेक्षा चांगली असेल. व्हाळावरचे, म्हणजे ओढ्यावरचे, साकव (छोटे पायपूल) तर सायकलसाठीच बांधलेत असं मला वाटतं. मोटार जात नाही म्हणून पलीकडची वाट शांत राहते. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, लागली की मुकाट्याने सायकल खांद्यावर घ्यायची.

जुनी थोराड झाडं बघायची तर देवरहाटी. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेलं रान, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कोयता चाललेला नाही. तिथल्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. साधारण फेब्रुवारीपासून पुढे हे चालतं. ढोलीखाली घोळका करून फोटो काढत बसलं तर नर फळं घेऊन आसपास ताटकळत राहतो आणि आत मादी उपाशी. म्हणून मी सायकल गडग्याबाहेर, दगडी कुंपणाच्या अलीकडे, ठेवते, आणि कुठल्या गावची देवरहाटी हे इथेही लिहीत नाही. विचारून रुसू नका.

सायकल कोणती, हा प्रश्न मला गौण वाटतो. गिअरची असावी, टायर जरा रुंद असावेत, आणि ब्रेक उत्तम हवेत, कारण जांभ्याच्या खडीवर उतार हा चढापेक्षा वाईट. जून ते सप्टेंबर मी घाटाकडे आणि काठाकडे जात नाही: दरडी, शेवाळ, पूर. ऑक्टोबरची काहिली ओसरली की सुरुवात.

एक लांबचा बेतही सांगून ठेवते. चिपळूणहून मार्गताम्हाने, शृंगारतळी करत गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याला जायचं आणि फेरीने खाडी ओलांडून दाभोळला उतरायचं. सायकल गाड्यांच्या शेवटी, कठड्याला टेकवून उभी करतात. मधल्या पाण्यावर वारा भन्नाट असतो, टोपी हातात धरा. पलीकडे दाभोळमध्ये आदिलशाही काळातली मशीद आहे, आणि या बंदराने मोठमोठी जहाजं बघितली होती हे तिच्यासमोर उभं राहिलं की पटतं. शेवटची फेरी किती वाजता हे धक्क्यावरच विचारून घ्या. ती चुकली तर मुक्काम दाभोळला, आणि तिथली सुकी मासळी बघता तो काही तोटा नाही. येणार असाल तर तारीख कळवा. निघायची वेळ मी पंचांग बघून सांगेन.