कालनिर्णयवरची झोप

आमच्या फ्रिजशेजारच्या खिळ्यावर दरवर्षी नवं कालनिर्णय येतं आणि जुनं रद्दीत जातं. २०२२चं मात्र मी कपाटात जपून ठेवलंय. एरवी ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितात, तिथे त्या वर्षी माझ्या झोपेचे तास लिहिलेत. ७, साडेसात, ६, ७. अक्षर बहुतेक सासूबाईंचं.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी भलतंच चढतं, कधी पार खाली जातं असा मानसिक आजार. टीवायला असताना, २०११ साली निदान झालं. माझी लेक आता शाळेत जायला लागली आहे. ती पोटात असतानाचं बरंच काही लिहायचं राहून गेलं होतं. परवा एका मैत्रिणीच्या बहिणीने घाबरत घाबरत विचारलं, "गोळ्या चालू ठेवून बाळ होऊ शकतं का गं?" म्हणून आज लिहायला बसले.

आधी २०१८चं सांगते. लग्नाला वर्ष झालं होतं, घरात बाळाचा विषय निघाला आणि मी कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. बाळाला औषधाचा थेंबही लागू नये, एवढंच मनात होतं. पाचव्या आठवड्यात झोप तीन तासांवर आली. मला वाटलं, किती छान, केवढा वेळ मिळतोय! सहाव्या आठवड्यात पहाटे चारला मी दादरच्या फुलबाजारात होते आणि चौदा किलो झेंडू घेतला. घरात ना पूजा, ना सण. टॅक्सीची डिकी भरली, मागची सीट भरली, मांडीवर पोतं. भांडुपला पोचेपर्यंत ड्रायव्हरला मी सांगत होते की आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दाराला आज तोरण लागणार आहे. नवऱ्याने दार उघडलं. तो काही बोलला नाही, नुसती पोती आत घेत राहिला. त्यानंतर १९ दिवस हॉस्पिटल आणि पुढे सात महिने नैराश्य. त्या दिवसांत केस विंचरायलासुद्धा हात उचलत नव्हता.

बरी झाल्यावर एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. केसपेपरवर आजाराचं नाव वाचून त्या म्हणाल्या, "मग मूल हवंच कशाला?" हे वाक्य कुठल्याही बाईला ऐकवू नये. मी वर्षभर पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनीच तो विषय परत काढला. तेव्हा मी व्हॅल्प्रोएटवर होते. गरोदरपणात या औषधाने बाळाच्या पाठीच्या कण्याला दोष राहू शकतो, पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईसाठी हे औषध नव्हेच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दिवस राहायच्या आधी आठ महिने त्यांनी ते हळूहळू उतरवलं आणि लिथियम हे याच आजाराचं दुसरं औषध चढवलं. फॉलिक ॲसिड सुरू केलं. मग केसपेपरच्या मागे त्यांनी शंभर ठिपके काढले. अमेरिकेतल्या तेरा लाखांहून जास्त गरोदरपणांचा एक अभ्यास २०१७ साली आला होता. त्यात लिथियम न घेणाऱ्या शंभरांत साधारण एका बाळाच्या हृदयात दोष होता, घेणाऱ्यांत दोनाच्या थोडं वर. डोस वाढला की धोकाही वाढतो. "हे दोन ठिपके," ते म्हणाले, "आणि गोळ्या सोडल्यावर काय होतं ते तुम्ही बघितलंय." निर्णय आमच्यावर सोडला. नवरा आणि मी तो कागद घेऊन मुलुंडच्या बागेत दोन तास बसलो होतो. माझं औषध तेच तुमचं असेल असं नाही. पण गोळी बंद करायची की बदलायची हे एकटीने, रात्री मोबाइलवर वाचून ठरवू नका. मी ते करून बसले आहे.

फेब्रुवारी २०२२मध्ये दिवस राहिले. गरोदरपणात मूत्रपिंडं जोरात काम करतात, त्यामुळे लिथियम अंगातून लवकर निघून जातं. रात्री नऊला गोळी घ्यायची आणि बरोबर बारा तासांनी, सकाळी नऊला रक्त द्यायचं. दर महिन्याला, शेवटी शेवटी दर आठवड्याला. पाचव्या महिन्यात रक्तातली लिथियमची पातळी ०.४पर्यंत उतरली तेव्हा डोस वाढवला. नवव्या महिन्यापर्यंत लॅबमधली मुलगी मला बघताच डाव्या हाताला बांधायची पट्टी काढून ठेवायची.

जूनअखेरीस बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी झाली, तिला फीटल इको म्हणतात. बाहेर धो धो पाऊस, आत अंधार आणि पोटावर गार जेल. डॉक्टर पंचवीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं माउस सरकवणारं बोट तेवढं मी बघत होते. लिथियममुळे भीती असते ती मुख्यतः हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेची. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. मग ते म्हणाले, "ही बघा झडप. जिथे हवी तिथेच आहे." मी त्या खोलीत मोठ्याने रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

मिठाचं सांगायलाच हवं, कारण हे आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. सातव्या महिन्यात पाय सुजले. जो तो सांगायचा, मीठ सोड. लिथियम चालू असताना मीठ एकदम कमी केलं किंवा अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातली पातळी वर चढते, विषबाधेपर्यंत जाऊ शकते. उलट्या-जुलाब झाले तरी तेच. ३० ऑगस्टला हरतालिका होती. सासूबाईंनी स्वतः चाळीस वर्षं निर्जळी केलेली. सकाळी त्यांनीच माझ्यासमोर पेज ठेवली, वर मेतकूट, आणि म्हणाल्या, "पार्वतीला मी सांगते. तू जेव." त्या दिवशी तांब्याने माझं पाणी त्यांनीच मोजलं. सकाळपासून त्यांच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंब नव्हता.

खरा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असतो. बाळंतपणातलं तीव्र मानसिक आजारपण, ज्यात भास होतात, भलतेच विचार मनात येतात, ते एरवी हजार बायकांत एक-दोघींना होतं. बायपोलर असलेल्या साधारण पाचांतल्या एकीला. आणि त्याची पहिली खूण बहुतेक वेळा झोप जाणं हीच असते. म्हणून आठव्या महिन्यातच डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून रात्रीची पाळी लिहून दिली. रात्री दहा ते पहाटे पाच मी आतल्या खोलीत, दार बंद. बाळ हॉलमध्ये. दोनपर्यंत नवरा, पुढे सासूबाई. वन बीएचकेत बाळाचं रडणं भिंतीतून येतंच. पहिले आठ दिवस मी कानात बोळे घालून उशी घट्ट धरून पडून राहायचे. आई असून मी उठत नाही, हे सहन करणं सगळ्यात कठीण गेलं. कधी ॲडमिट व्हावं लागलं तर बाळ हिरावून घेतील, ही धास्तीही होती. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून वेगळं करू नये असं लिहिलंय, ते वाचून जरा धीर आला. कालनिर्णयच्या कोपऱ्यात नवऱ्याने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही लिहून ठेवला होता. ती हेल्पलाइन त्याच ऑक्टोबरात सुरू झाली होती.

दूध पाजायचं नाही, हेही आधीच ठरलं होतं. लिथियम दुधातून उतरतं आणि एवढ्याशा जिवाचं रक्त सारखं तपासावं लागतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न तोच विचारायची. पावडरच्या डब्यावरही आईचं दूधच सर्वोत्तम असं छापलेलं असतं. ते छापणं योग्यच आहे, कायदाच आहे तसा. पण बाटली बनवताना दर वेळी ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर यायची. एका सकाळी बघते तर त्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली. सासूबाईंनी त्यावर रात्रीच्या दुधाच्या वेळा लिहिल्या होत्या. बारा, अडीच, पाच. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं. आदल्या रात्री मी चार तासच झोपले. सकाळी भरभर बोलत होते, पाहुण्यांच्या यादीत नवी नावं घालत होते. नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाल्कनीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. रात्रीच्या औषधात थोडा बदल झाला. साठ माणसांचं बारसं पंधरा माणसांत झालं, हॉलचे पैसे बुडाले, नणंदेने पाळणा म्हटला आणि चारला सगळे आपापल्या घरी गेले. मी नऊला गोळी घेऊन झोपले.

त्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनने ४ लिहिलंय. पुढच्या चौकोनात सासूबाईंच्या अक्षरात ८, आणि त्याखाली बारीक अक्षरात लेकीचं वजन, तीन किलो शंभर.