बे हिलला आर्नी भेटले

ऑरलँडो म्हटलं की आपल्या लोकांना डिस्नी आठवतं, फार तर युनिव्हर्सल. भारतातून आई-बाबा आले की त्यांना तिकडे न्यायचं, दिवसभर रांगांमधे उभं करायचं आणि रात्री दमूनभागून घरी आणायचं, हा इकडच्या प्रत्येक मराठी घराचा ठरलेला कार्यक्रम. आम्ही तेव्हा टॅम्पाला राहायचो, २०११ चा मार्च होता, डिस्नी वगैरे सगळं यथासांग झालं, पण बाबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की एक दिवस माझा, त्या दिवशी आपण दोघं बे हिलला, म्हणजे ऑरलँडोतल्या गोल्फ क्लबवर जायचं. तिथे होणाऱ्या अर्नॉल्ड पामर इन्व्हिटेशनल या गोल्फ स्पर्धेचा आठवडा, आणि त्यातला सरावाचा दिवस.

ज्यांना गोल्फ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अर्नॉल्ड पामर, सगळ्यांचे आर्नी, म्हणजे सात मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा), त्यातल्या चार मास्टर्स (१९५८, ६०, ६२, ६४), पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत ६२ विजय. पण लोकांचा जीव जडला तो या आकड्यांमुळे नाही. टीव्ही नुकता घराघरात येत होता आणि हा माणूस पँट वर ओढत, सिगारेट बाजूला टाकत, जीव खाऊन बॉल हाणायचा, धोका दिसला की अजून जोरात. १९६० च्या यूएस ओपनला डेन्व्हरजवळ चेरी हिल्सला शेवटच्या राउंडआधी ते सात शॉट मागे होते, त्यांनी ३४६ यार्डांच्या पहिल्याच होलवर ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, थेट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर नेला, अख्खा राउंड ६५ फटक्यांत संपवला (गोल्फमधे जितके कमी तितकं चांगलं) आणि जिंकले. मागे गर्दी धावायची तिला आर्नीज आर्मी म्हणायचे. माझा तर तेव्हा जन्मही नव्हता, मी हे सगळं जुन्या फिती बघून बघून पाठ केलंय.

बाबांचा गोल्फशी संबंध शून्य. ते शाळामास्तर, मराठी आणि इतिहास शिकवायचे, पुण्यात येरवड्याचा गोल्फ क्लब त्यांनी पाहिला असेल तो एअरपोर्टला जाताना गाडीच्या काचेतून. म्हणून आय-फोर हायवेवरच्या ट्रॅफिकमधे मी त्यांना डीकन पामरची गोष्ट सांगायला घेतली. डीकन म्हणजे आर्नींचे वडील, पेनसिल्व्हेनियात लॅट्रोब नावाचं छोटं गाव, तिथल्या क्लबवर ते ग्रीनकीपर, म्हणजे गवत राखायचं, मैदान राखायचं काम, पुढे तिथलेच प्रो, म्हणजे गोल्फ शिकवणारे, झाले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे पाय अधू. त्यांनी लहानग्या पोराचे हात गोल्फच्या काठीवर नीट बसवून दिले आणि ती पकड आर्नींनी आयुष्यभर ठेवली. पण पोरगा नोकराचा, त्यामुळे मेंबर लोक असताना त्याला मैदानावर खेळायची परवानगी नाही, क्लबच्या स्विमिंग पूलमधे उतरायचं नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा, कोणी नसताना खेळायचं. आणि १९७१ मधे आर्नींनी तो क्लब विकतच घेतला. बाबांनी मला तिथे थांबवलं, म्हणाले, "तोच क्लब?" म्हटलं, "हो, तोच." मग बराच वेळ ते बाहेर बघत बसले.

गाडी लांब लावून शटल बसने आत गेलो. बे हिल बघायला फार देखणं आहे हो, सगळीकडे तळी, मोठमोठी झाडं, आणि गवत इतकं एकसारखं कापलेलं की बाबा दोनदा वाकून हात लावून बघत होते. मी त्यांना सहावा होल दाखवला, अख्खा होल तळ्याला वळसा घालून जातो, १९९८ मधे जॉन डेलीने पाण्यात बॉलवर बॉल घालवून या एकाच होलवर १८ फटके मारले होते. मग अठरावा. ग्रीनच्या पुढे आणि उजवीकडे पाणी, काठाला दगड रचलेले, आणि १९९० मधे रॉबर्ट गॅमेझने १७६ यार्डांवरून सेव्हन आयर्न नावाच्या काठीने तिथे थेट होलमधे बॉल घालून ग्रेग नॉर्मनच्या तोंडचा घास काढला. मी ती जागा अंदाजाने शोधून तिथे उभं राहून फोटो काढून घेतला, बाबांनी काढला म्हणून तो जरा तिरका आलाय पण मला तसाच आवडतो.

दुपारी क्लबहाउसच्या बाजूला आलो तर एका गोल्फ कार्टभोवती माणसं जमलेली. गर्दी म्हणावी तर धक्काबुक्की नाही, सगळे आपापल्या जागी उभे, आणि मधे कार्टमधे बसलेले आर्नी. ८१ वर्षांचे. पांढरे केस, गुलाबीसर चेहरा, आणि ते हात! फोटोत कळत नाही ते हात केवढे आहेत, लोहाराचे हात वाटतात. माझ्या छातीत धडधडायला लागलं, मी बाबांचा दंड धरला आणि म्हटलं ते बघा, ते बघा, तेच.

लोक टोप्या, झेंडे, फोटो पुढे करत होते आणि ते एकेकाकडे आधी बघायचे, मग सही करायचे. सही म्हणजे फर्राटा नाही. अर्नॉल्ड पामर, पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर वाचता येईल असं. हे मी वाचलेलं होतं, नवीन मुलांना ते नेहमी सांगायचे की सही करायची तर वाचता येईल अशी करा, समोरचा माणूस थांबलाय तुमच्यासाठी. पण वाचणं वेगळं आणि आपल्या डोळ्यासमोर या वयात तो हात न कंटाळता पुन्हा पुन्हा तेच नाव तितक्याच नीट लिहितोय हे बघणं वेगळं.

आमची पाळी आली. माझ्याकडे चाररंगी छत्रीचा, म्हणजे आर्नींचा लोगो असलेली टोपी होती, ती मी पुढे केली आणि मनात तयार करून ठेवलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. त्यांनी सही केली. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून ते अक्षर उमटताना बघत होते, आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, आणि ते एकदम खणखणीत म्हणाले, "सर, व्हेरी गुड हँडरायटिंग!" आणि हात जोडून नमस्कार केला. आर्नींनी मान वर करून बाबांकडे बघितलं आणि मनापासून हसले, अगदी डोळे बारीक करून. पेन मांडीवर ठेवलं, हात पुढे केला, बाबांचा हात त्यांच्या हातात दिसेनासाच झाला. मग माझा. वर अंगठा करून दाखवला, तो त्यांचा जगप्रसिद्ध अंगठा, आणि पुढच्या माणसाकडे वळले, एक लहान मुलगी होती, तिच्याकडेही आधी बघितलं आणि मगच पेन उचललं.

सगळं मिळून मिनिटभर असेल नसेल. परतीच्या वाटेवर बाबा पूर्ण रस्ता प्रश्न विचारत होते, मास्टर्सला हिरवा कोट का देतात, स्पर्धेचे पैसे कुठे जातात (ऑरलँडोत त्यांच्या नावाचं मुलांचं हॉस्पिटल आहे, तिकडे), ते स्वतः विमान चालवायचे हे खरं का. खरं आहे, १९७६ मधे त्यांनी लिअरजेटने अख्ख्या पृथ्वीला साधारण साडेसत्तावन्न तासांत प्रदक्षिणा घातली, वाटेत कोलंबोला उतरले होते. बाबा हळहळले, म्हणाले जरा वर मुंबईला उतरले असते तर काय बिघडलं असतं!

त्या वर्षी स्पर्धा मार्टिन लेर्ड जिंकला, शेवटच्या दिवशी तब्बल ७५ फटके लागूनही एका शॉटने. आम्ही ती घरी टीव्हीवर बघितली आणि बाबा खेळाकडे कमी, अठराव्या ग्रीनजवळ आर्नी दिसतात का तिकडे जास्त बघत होते. २०१६ च्या सप्टेंबरमधे ते गेले तेव्हा मी पुण्याला फोन केला, तर बाबांनी पेपरमधे आधीच वाचलं होतं आणि कात्रण कापून ठेवलं होतं.

तुमच्यापैकी कोणी मार्चमधे फ्लोरिडात असाल तर डिस्नीचा एक दिवस कमी करा आणि बे हिलच्या सरावाच्या दिवसाचं तिकीट काढा, त्या दिवशी खेळाडू जवळून दिसतात, आई-वडिलांना चालायलाही छान. पहिल्या टीजवळ, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, आर्नींचा ब्राँझचा पुतळा आहे, स्विंग संपल्यावरचा, तो बघा. माझं आता लॅट्रोब राहिलंय. तिथल्या विमानतळालाच त्यांचं नाव आहे, आणि तो क्लब बघायचाय. बाबांचा पासपोर्ट रिन्यूला टाकलाय, व्हिसा झाला की आम्ही दोघं निघतोय.