कठड्यावरचे तीन खडू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं पत्र आलं तेव्हा मी जहाजावर होतो. शाळेबद्दल लिहायचं म्हटलं तर माझ्याकडून बाईंबद्दलच लिहून होणार. भूगोलाच्या बाई. नाव लिहीत नाही. आपल्याकडे नुसतं 'बाई' म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं.

आठवी ब. भरती-ओहोटीचा धडा. चंद्र पाणी ओढतो म्हणून चंद्राकडच्या बाजूला भरती, हे सगळ्यांना पटलं. पण त्याच वेळी पलीकडच्या बाजूलाही भरती असते, ती का? बाई म्हणाल्या, पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तिकडचं पाणी बाहेर फेकलं जातं. मी हात वर केला. "बाई, फिरल्यामुळे फेकलं जात असेल तर चहूबाजूंनी सारखंच फेकलं जाईल ना? मग तेवढ्याच बाजूला का?"

वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. हातात खडू तसाच धरून फळ्यावरच्या आकृतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे रे. मला विचार करू दे."

पुढचा धडा लाटांचा. बाईंनी बाकांच्या एका रांगेला पुढून मागे एकामागून एक उठा-बसायला लावलं. लाट शेवटच्या बाकापर्यंत पोचली, मुलं आपापल्या जागीच. "समुद्रातही लाट पुढे जाते, पाणी जागच्या जागी गोल फिरतं." वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहिला, यावर लाट ठरते, हे तेव्हाच डोक्यात बसलं. माझा प्रश्न मात्र मी विसरून गेलो.

दहावीत, मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून पळत होतो तर बाईंनी हाक मारली. "इकडे ये. आठवीत मी तुला चुकीचं सांगितलं होतं." मला काही आठवेना. त्यांनी कठड्यावर तीन खडू ओळीने मांडले. "हा चंद्राकडचा समुद्र, ही मधे पृथ्वी, हा पलीकडचा समुद्र. चंद्र तिघांनाही ओढतो, पण जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी." पहिला खडू त्यांनी तीन बोटं सरकवला, मधला दोन, शेवटचा एकच. "आता मधल्या खडूवर बसून बघ. पुढचा लांब गेला. आणि मागचा?"

मागचाही लांब राहिला होता. पाणी कुणी फेकलं नव्हतं. पृथ्वीच त्याच्यापासून पुढे ओढली गेली होती.

दोन वर्षं बाईंनी तो प्रश्न सोडला नव्हता. मी "हो बाई" म्हटलं आणि घंटा झाली म्हणून पळालो.

आज मी मर्चंट नेव्हीत कॅप्टन आहे. कधी वारा पूर्ण पडलेला असतो, पाणी काचेसारखं, तरी जहाज लांबलचक लाटांवर डोलत असतं. हजारो किलोमीटरवर कुठेतरी काही दिवसांपूर्वी उठलेल्या वादळाच्या त्या लाटा. तेव्हा बाकांची ती रांग डोळ्यांपुढे येते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, हे बाईंनी सांगितलं तेव्हा आम्हाला खरं वाटलं नव्हतं. पुढे मी ते पाहिलं. सकाळी धक्क्याला लागून तरंगणाऱ्या होड्या सहा तासांनी खाली चिखलात टेकल्या होत्या.

नवे कॅडेट टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, घेऊन येतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा का येते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, आणि अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती का, हे त्यांना येत असतं. अडतात ते एकाच जागी: सूर्य एवढा प्रचंड, त्याची ओढही चंद्राहून कितीतरी जास्त, तरी भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी कसा? मी चार्टच्या टेबलावर तीन पेन्सिली मांडतो. भरती नुसत्या ओढीने येत नाही, जवळच्या आणि लांबच्या ओढीतल्या फरकाने येते. सूर्य इतका दूर आहे की तो फरक थोडाच उरतो.

जुनी इमारत पाडली, व्हरांडे गेले असं ऐकतो. आता वर्गात पडद्यावर चंद्र फिरतो आणि पाणी आपोआप फुगतं. सोय झाली असेल, पण मला त्या कठड्याचं फार वाईट वाटतं.

समारंभाला बाई येणार आहेत, असं पत्रात लिहिलंय. मी रजा टाकली आहे.