लँडफिलभोवतीची उघडी बोअर काय लपवते

घातक कचऱ्याच्या लँडफिलभोवती, म्हणजे तो पुरण्याच्या जागेभोवती, गळती भूजलात उतरते का हे पाहायला किमान चार निरीक्षण विहिरी हव्यात: भूजलप्रवाहाच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला तीन. हे सगळ्यांना पाठ असतं. विहीर कशी असावी हे मात्र अनेकदा बोअरवाल्यावर सोपवलं जातं, आणि तो त्याच्या सवयीप्रमाणे बोअर मारतो. सहा इंची, साठ मीटर खोल, वरच्या सात-आठ मीटरला केसिंग, खाली सगळी उघडी. शेताला उत्तम. निरीक्षणाला जवळपास निरुपयोगी.

कारण आपला बेसाल्ट. तळोजा असो की रांजणगाव, पाणी खडकभर मुरलेलं नसतं. ते मुरमाच्या तळाशी, सच्छिद्र थरांत आणि भेगांत वाहतं, मधला काळा पाषाण जवळजवळ कोरडा. लँडफिलच्या तळाचं अस्तर गळलं तर लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं दूषित पाणी, आधी वरच्या झऱ्यात उतरणार. समजा, त्या झऱ्यात क्लोराइड लिटरला 800 मिलिग्रॅम आहे, खालच्या झऱ्यात 60. बोअरमध्ये वरून एक भाग पाणी येतं, खालून नऊ. मिश्रणात क्लोराइड 134 भरतं. पिण्याच्या पाण्याची स्वीकारार्ह मर्यादा 250, म्हणजे अहवालात ‘समाधानकारक’. शिवाय वरची घाण खालच्या झऱ्यापर्यंत नेणारी वाट आपणच खोदून दिलेली असते, ते वेगळंच.

म्हणून एका विहिरीने एकच थर बघावा. वरच्या आणि खालच्या झऱ्यासाठी शेजारी-शेजारी दोन वेगळ्या विहिरी. दोन इंची पीव्हीसी पाइप, झऱ्यासमोर तीन मीटर जाळीचा तुकडा, भोवती धुतलेली बारीक खडी, तिच्यावर किमान 60 सेंटिमीटर बेंटोनाइटच्या, म्हणजे भिजून फुगणाऱ्या चिकणमातीच्या गोळ्या, मग ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गारा. बेंटोनाइट भिजून फुगायला वेळ न देता सिमेंट ओतलं की ते जाळीपर्यंत झिरपतं आणि त्या विहिरीचा पीएच 11-12 दाखवत राहतो. पाइपचे सांधे आट्यांचेच हवेत. सोल्युशन लावून चिकटवलेल्या सांध्यातून येणारे द्रावक प्रयोगशाळेत ‘प्रदूषण’ म्हणून सापडतात. कॉम्प्रेसरचं तेल बोअरमध्ये उडतं, त्याचंही तसंच. बांधून झाल्यावर पाणी नितळ येईपर्यंत विहीर उपसायची. हे टाळलं तर पुढचे सगळे नमुने गढूळ.

‘खालचं अंग’ कोणतं, हे जमिनीचा उतार पाहून ठरवू नये. सगळ्या विहिरींच्या तोंडांची उंची लेव्हलिंगने मिलिमीटरपर्यंत काढायची, एकाच दिवशी पातळ्या मोजायच्या आणि किमान तीन विहिरींवरून दिशा काढायची. मग हेच मे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा. शेजारच्या शेतात उन्हाळाभर मोटर चालू असेल तर प्रवाह वळतो आणि वरच्या अंगाची म्हणवणारी विहीर खालची होऊन बसते.

नमुना घेताना आधी पातळी, मग उपसा. दोन इंची पाइपात मीटरमागे साधारण दोन लिटर पाणी असतं. आठ मीटरचा स्तंभ म्हणजे सोळा लिटर, तिप्पट उपसा म्हणजे पन्नासेक. मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी वेगाने पंप करता आलं तर अधिक बरं. पीएच सलग तीन वाचनांत 0.1 च्या आत आणि विद्युत वाहकता 3 टक्क्यांच्या आत स्थिरावली की बाटली भरायची. बेलर, म्हणजे दोरीने सोडायची नमुन्याची नळी, धपकन सोडला की तळाचा गाळ उठतो.

विरघळलेल्या धातूंचा नमुना जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा आणि मगच नायट्रिक आम्लाने पीएच 2 च्या खाली आणायचा. क्रम उलटला तर मातीच्या कणांवरचं लोह, शिसं, क्रोमियम आम्लात उतरतं आणि गळती नसताना गळती दिसते. हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत हे आम्ल चुकूनही नको, त्याचं रूपच बदलतं. ती थंड ठेवून 24 तासांत प्रयोगशाळेत. सायनाइडला उलट सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच 12 च्या वर. बाष्पनशील सेंद्रिय द्रव्यांची 40 मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरून उलटी करून पाहायची. बुडबुडा दिसला तर नवी कुपी.

आकडे वाचताना पिण्याच्या पाण्याची मर्यादा हाताशी असू द्या, पण निकाल तिच्यावर देऊ नका. धातू मातीला चिकटत रेंगाळतात. क्लोराइड पाण्याच्या बरोबरीने धावतं, म्हणून गळती आधी त्यातच दिसते. कचरा पडायच्या आधीच्या वर्षभराच्या नोंदींत क्लोराइड 40 ते 55 मध्ये फिरत असेल आणि पुढे ओळीने 70, 95, 120 आलं, तर 250 ची वाट कशाला बघायची? खाडीलगत मात्र ब्रोमाइडही मोजा. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड वजनाने ब्रोमाइडच्या 290 पट असतं. चढ भरतीच्या पाण्याचा असेल तर गुणोत्तर त्याच्या आसपास राहतं.

संशय आला की पहिला फोन प्रयोगशाळेला नको. दोन अस्तरांच्या मधली गळती जिथे गोळा होते त्या खड्ड्यातून, म्हणजे संपातून, गेल्या काही महिन्यांत किती लिटर उपसलं, ती वही मागवा. त्यात वाढ असेल तर विहीर खरं बोलते आहे. ती वही कोरी असेल तर आधी तो संप उघडून बघा.