रीस्टार्ट का करत नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि सर्व्हर अडला की दर वेळी विचारता म्हणून, एकदा नीट सांगते. "रीस्टार्ट केलं की चालतं ना, मग शोधत काय बसतेस?" साहेब विचारतात, आईही विचारते. चालतं, कबूल. पण का अडलं होतं ते रीस्टार्टबरोबर पुसलं जातं.

जून २०१४. वडोदऱ्याच्या एका संस्थेत प्रवेश अर्जांचा शेवटचा दिवस. पुढे लोकांच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर अपाची, मागे वेगळ्या मशीनवर अर्जाचा प्रोग्राम चालवणारा टॉमकॅट ७, दोघांना जोडणारं अपाचीचं मॉड्यूल मॉड-जेके. दुपारपासून पानं लटकत होती. मी दोनदा रीस्टार्ट केलं, तासाभरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टॉमकॅट बंदच होईना. साहेब खुर्चीमागे उभे, फोन वाजतायत. त्याला किल मायनस ३ ही कमांड दिली असती तर कोणता थ्रेड, म्हणजे एकेक विनंती हाताळणारा त्यातला धागा, कुठे अडकलाय ते सगळं लॉगमध्ये, नोंदींच्या फाइलमध्ये, उतरलं असतं. मी मायनस ९ दिलं, म्हणजे जागच्या जागी मारून टाकलं.

साधं शटडाउन झालं तर टॉमकॅट सेशन, म्हणजे कोण कुठवर भरत आलंय ती आठवण, फाइलमध्ये लिहून ठेवतो, उठल्यावर वाचतो. मारून टाकलं की लिहायला वेळच मिळत नाही. आमचा अर्ज चार पानांचा, आणि डेटाबेसमध्ये जायचा तो चौथं पान भरल्यावर. दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी तिसऱ्या पानावर होती. तिचा फोन आला, "ताई, परत पहिलंच पान आलं." मी म्हटलं, पुन्हा भर. तिने भरला, पण पैसे भरण्याची वेळ तोवर संपली होती. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारण दोन दिवसांनी सापडलं. अपाचीच्या २५६ प्रोसेस, प्रत्येकीने एकेक कनेक्शन धरून ठेवलेलं, काम नसलं तरी. टॉमकॅटच्या त्या जुन्या कनेक्टरमध्ये, म्हणजे कनेक्शनं घेणाऱ्या भागात, प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड अडकायचा, आणि थ्रेड २००. उरलेले ताटकळत. रिकामी कनेक्शनं सोडण्यासाठी दोन्हीकडे दहा मिनिटांची मुदत घालायची होती. मॉड-जेके ती सेकंदांत मोजतं, टॉमकॅट मिलिसेकंदांत. मी आधी दोन्हीकडे ६०० लिहिलं. टॉमकॅटकडे ६००००० हवं होतं. हीसुद्धा माझीच चूक.

तेव्हाच्या मला विचारते, मायनस ३ द्यायला दहा सेकंद नव्हते का गं? ती म्हणते, बाहेर मुलं खोळंबली होती, तू असतीस तर काय केलं असतंस? तिचं खोटं नाही. साहेबांचंही नव्हतं.

आता मी आधी मायनस ३ देऊन थ्रेडची ती नोंद, थ्रेड डंप, घेते, मग रीस्टार्ट. त्यावरून बोलणी खाते, खाईन. पण मायनस ३ देऊनही त्या मुलीचा अर्ज वाचला नसता. टॉमकॅट अडकलेलाच होता, शेवटी मारावाच लागला असता. मग मी नक्की कशासाठी भांडते, ते मलाही दर वेळी सांगता येत नाही.