पुढे भाड्याने द्यायचंय, मग लोन कुठलं घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण दर गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणी ना कुणी विचारतंच, अगं इथे न्यू जर्सीत एडिसनला घर बघतोय, दोन-तीन वर्षं राहू मग भाड्याने देऊ, तर लोन साधं रेसिडेन्शियल, म्हणजे राहत्या घरांचं, घेऊ का एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी, काढून कमर्शियल, म्हणजे धंद्याचं?

माझं मत स्पष्ट आहे, रेसिडेन्शियलच घ्या, आणि फॉर्मवर तिथे स्वतः राहणार की नाही ते खरं लिहा.

भाडं येणार म्हणजे लोन कमर्शियल, असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाहीये. इथे अमेरिकेत ४ युनिटपर्यंतच्या, म्हणजे ४ बिऱ्हाडांपर्यंतच्या, घराला रेसिडेन्शियल लोन मिळतं, भाडेकरू असला तरी, ५ युनिटपासून पुढे कमर्शियल सुरू होतं. बँकांकडून घरांची लोन विकत घेणाऱ्या फॅनी मे, फ्रेडी मॅक या संस्थांच्या नेहमीच्या कागदांत अट असते की ६० दिवसांत राहायला जायचं आणि निदान १ वर्ष तिथे राहायचं. ते वर्ष खरंच राहिलात की मग खुशाल भाड्याने द्या, लोन तेच, ३० वर्षं फिक्स्ड रेटही तोच. आणि पहिल्या दिवसापासून भाड्यानेच द्यायचंय तर तसं सांगून इन्व्हेस्टमेंट म्हणून घ्या, डाऊन पेमेंट निदान १५ टक्के लागतं, रेट साधारण अर्धा-पाऊण टक्का जास्त पडतो, पण तेही रेसिडेन्शियलच. तो पाऊण टक्का वाचवायला "आम्हीच राहणार" लिहून सही करणारे लोक मी बघितलेत आणि मला खरंच काळजी वाटते, कारण बँकेला खोटं सांगणं इथे फेडरल गुन्हा आहे, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असताना असलं काही अंगावर कशाला घ्यायचं!

आता कमर्शियल. आमच्या ओळखीतल्या एकांनी २०१८ मध्ये असं लोन घेतलं, हप्ता २५ वर्षांच्या हिशोबाने, म्हणून सुरुवातीला हलका वाटला, पण कागदावर एक शब्द होता, बलून, म्हणजे ५ वर्षं झाली की उरलेलं सगळं मुद्दल एकदम भरायचं नाहीतर नवीन लोन काढायचं. ५ वर्षांनी म्हणजे २०२३, आणि त्या ऑक्टोबरात तर साध्या घराच्या लोनचा सरासरी रेटसुद्धा पावणेआठच्या वर गेलेला. तुम्हीच हिशोब करा, ३ लाख डॉलर ५ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण १,७५०, ५ वर्षं भरूनही २ लाख ६५ हजार बाकी राहतात, आणि तेच पुढच्या २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतले की हप्ता २,२२० च्या आसपास. भाडेकरूला एकदम पावणेपाचशे डॉलर वाढवून कसं सांगणार? विकायचं म्हटलं तर त्या कागदात लवकर फेडण्याचा दंडही होता. वहिनी रात्री डायनिंग टेबलावर ते कागद पसरून बसायच्या, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं.

एलएलसीचं म्हणाल तर कारण असतं की भाडेकरू पडला-बिडला, केस केली तर आपलं बाकीचं वाचावं, आणि ती भीती रास्तच आहे. पण रेसिडेन्शियल लोन स्वतःच्या नावावर घेऊन नंतर बँकेला न विचारता घर एलएलसीच्या नावावर करू नका, मालकी बदलली की बँक सगळं लोन एकदम मागू शकते, तशी अट कागदात असते. आम्ही घर नावावरच ठेवलं, भाड्याने देताना साधा होमओनरचा इन्शुरन्स बदलून लँडलॉर्डचा घेतला आणि वर अंब्रेला पॉलिसी, म्हणजे त्या इन्शुरन्सची मर्यादा संपली की पुढचं भरणारी जादा पॉलिसी. ५ युनिटची बिल्डिंग घेताय किंवा पाच-सहा घरांचा धंदाच करायचाय, तर कमर्शियलचा विचार जरूर करा, पण तेव्हा आधी वकिलाकडून बलूनची तारीख आणि दंडाचं कलम वाचून घ्या.

एकच घर असेल तर क्लोजिंगच्या, म्हणजे घराच्या शेवटच्या सह्यांच्या, आदल्या दिवशी कागद मागवा, राहण्याबद्दलचं पान शोधा, आणि नवरा-बायको दोघांनी बसून ते वाचा.