परड्यातल्या मातीला गट नंबर नसतो

"मॅडम, गट नंबर सांगा."

परड्यातली माती तपासून घ्यायला मी माती परीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले होते. मी म्हटलं, कोल्हापुरात शुक्रवार पेठेत गट नंबर कुठला असणार? सिटी सर्व्हे नंबर आहे, प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्सही आणलीय. खिडकीतल्या साहेबांनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सातबारा लागतो. कॉम्प्युटर दुसरं काही घेत नाही."

खरं तर घरच्या भाजीसाठी माती तपासायचा एवढा सोस कशाला, असं आमच्या मामांचंही मत होतं. पण लेकीचं हिमोग्लोबिन कमी आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पालेभाजी वाढवा म्हणाले. परड्यात पोकळा, शेपू, तांबडा माठ लावायचं आम्ही त्याच आठवड्यात ठरवलं. शंका एवढीच होती की २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत पंचगंगेचं पाणी या परड्यात उभं होतं. त्यात जुन्या भिंतीचा चुना-राडारोडा तिथंच पसरलेला. लेकराला खायला घालायचं तर आधी माती बघू, एवढंच माझं म्हणणं.

तर सातबारा. सातबारा शेतजमिनीचा असतो, गावठाणातल्या घराला प्रॉपर्टी कार्ड असतं, हे मी काय त्यांना सांगायचं? तरी सांगितलं. मग "वरच्या साहेबांना विचारा". वरचे साहेब फिल्डवर. पुढच्या वेळी साहेब होते, पण "अर्ज खालीच द्या". खाली पुन्हा तोच कॉम्प्युटर आणि तोच रिकामा रकाना. रांगेतल्या कागलकडच्या एका काकांनी तर सरळ सुचवलं, "माझा गट नंबर टाका की ताई, हाय काय त्यात!" मनात आलं टाकावा, पण मग त्यांच्या उसाच्या नावावर माझा पोकळा नोंदला गेला असता. पिशवीतली अर्धा किलो माती टेबलावर ठेवून मी बाकावर बसून राहिले. उठायचं नाही, असं ठरवूनच.

शेवटी चहाला निघालेल्या एका वयस्क कृषी सहायकांनी विचारलं, "काय ओ, कशाला थांबलाय?" ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे खासगी नमुन्यात घ्या की. फी भरून. रजिस्टरला हातानं लिहा, परसबाग, सिटी सर्व्हे नंबर अमुक." दोन मिनिटांत पावती हातात. म्हणजे वाट पहिल्या दिवसापासून होती! फक्त सांगायचं कुणी, हा प्रश्न. तेव्हा तुम्ही खिडकीवर गेलात की पहिलाच शब्द "खासगी नमुना, सशुल्क" असा काढा. सातबाऱ्याचा विषयच निघू देऊ नका.

माती कशी घ्यायची ते राहिलंच. चार-पाच जागी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा, कडेची माती खरवडून एकत्र करायची. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या खड्ड्याजवळची किंवा झाडाखालची घेऊ नका. लोह, जस्त तपासायचं असेल तर गंजकं खुरपं नको, लाकडी उलथनं चालतं. आणि सावलीत वाळवायची असते, म्हणून एप्रिल-मेमध्येच घ्या. जूननंतर कोल्हापुरात सावलीत काय वाळतंय?

अहवालात १२ घटक येतात: सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. शिसं वगैरे त्यात नसतं, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. आमचा सामू ८ च्या वर निघाला, आणि लोह कमी. चुन्याची करामत. अशा मातीत लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. "पोरीला न्हाई, मातीलाबी न्हाई," आत्या म्हणाल्या. शेणखतात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळून दिलं. पानं पिवळी दिसली की लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी फवारायचं. राडारोडा आधी उपसला, त्यावर बोलण्यासारखं काही नाही, कंबर मोडते.

पोकळा महिन्याभरात कापणीला आला. गोळ्या चालूच आहेत, त्या भाजीमुळे बंद करायच्या नसतात. भाजीवर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा नाही, हे डॉक्टरांचं. दुसरं मामांना अजून पटलेलं नाही.

हो, आणि अहवाल हातात पडला की खिडकी सोडायच्या आधी वाचा. माझ्या अहवालात "शेतकऱ्याचे नाव" या रकान्यात माझं नाव होतं, छान वाटलं. "पीक" मध्ये मात्र ऊस! खताची मात्राही उसाचीच, हेक्टरी किलोत. तिथंच भाजीपाला लिहून मात्रा बदलून घेतली. हेक्टरी किलोच्या आकड्याला १० नं भागायचं, जे येईल तितके ग्रॅम एका चौरस मीटरला.